ओटीतला

मिरजगावची मालनबाई आयुष्यात एकच खोटं बोलली, पण ते तेहेतीस वर्षं इतक्या नेटाने बोलली, की पुढे पुढे ते खोटं आहे हे तिचं तिलाच आठवावं लागे.

लग्न होऊन ती या गावात आली तेव्हा चौदा वर्षांची होती. नवरा आबासाहेब, बोलायला कमी आणि कामाला दांडगा. नऊ वर्षं झाली तरी पाळणा हलला नाही. नवस झाले, अंगारे झाले, नगरच्या डॉक्टरिणीची औषधं झाली. तपासण्या सगळ्या मालनबाईच्याच झाल्या. आबासाहेबांची एकही झाली नाही, आणि ती करावी असं कुणाला सुचलंही नाही. गावात कुणाचं बारसं असलं की ती भिंतीला टेकून बसायची. पाळण्याच्या दोरीला हात लावू नकोस असं कुणी म्हणत नसे. पण दोरी तिच्यापाशी येण्याआधीच ओलांडून पलीकडच्या बाईच्या हातात जाई.

धाकटी जाऊ रंगुबाई जामखेडकडची. ती घरात आली आणि वर्षात तिला हनुमंत झाला. चार वर्षांनी पुन्हा दिवस गेले, तेव्हा सासूने भाकरी थापता थापता निकाल दिला.

"दोन जावा, दोन पोरं. एक तुझं, एक तिचं. लेक झाली तर ऱ्हाऊ दे तुझ्यापाशी, ल्योक झाला तर मालनचा."

रंगुबाईने चुलीतलं लाकूड आत सारलं. तिचा नवरा कारभारी ताटावरून उठला आणि हात धुवायला बाहेर गेला. झाला मुलगा. बाराव्या दिवशी पाच जणींना बोलावलं. मालनबाईला पाटावर बसवलं, तिच्या ओटीत नारळ ठेवला, तांदूळ घातले, आणि त्या तांदळावर सासूने ते गाठोडं अलगद ठेवलं. मुलाने डोळे उघडले नाहीत. सासू सगळ्यांकडे पाहून म्हणाली, "आजपासून ह्यो मालनच्या पोटचा. दुसरं कुनी बोललं तर मला मेलेली समजा."

नाव ठेवलं कल्याण. ग्रामपंचायतीच्या जन्माच्या नोंदीत आबासाहेबांनी आईचं नाव मालन सांगितलं. ग्रामसेवकाने लिहून घेतलं. दूध मात्र रंगुबाईचंच होतं. पाच महिने ती दिवसातून सहा वेळा मालनबाईच्या खोलीत यायची, भिंतीकडे तोंड करून पाजायची, आणि पदर सावरून उठून जायची. पाजताना मालनबाई तिथेच बसून असायची. त्या पाच महिन्यांत दोघी एकमेकींशी एक शब्द बोलल्या नाहीत. नंतर वरचं दूध सुरू झालं आणि रंगुबाईने खोलीत येणं सोडलं. तिला पुन्हा दिवस गेले नाहीत.

मालनबाईचं मात्र सगळं बदललं. आता ती लेकुरवाळी. बारशाला तिच्या हातात दोरी येऊ लागली. पुढे तर गावातल्या बाळंतिणी तिलाच बोलावू लागल्या, कारण तान्ह्या बाळाला अंघोळ घालावी तर तिनेच. मांडीवर बाळ पालथं घेऊन तेल जिरवताना तिचा हात असा चाले, की रडणारं पोर झोपी जाई. माणसाचं अंग तिला बोटांनी कळत होतं. बाळाची टाळू किती भरली, पोट कुठे कडक आहे, कुठला पाय आखडतो, हे ती न बघता सांगे.

कल्याण मोठा होत गेला तसं त्याचं नाक रंगुबाईचं निघालं, आणि हसताना एक खांदा उचलायची लकबही तिचीच. मालनबाई त्याला हनुमंतच्या शेजारी फार वेळ बसू देत नसे. हनुमंतच्या लग्नात फोटोवाल्याने सगळ्यांना ओळीत उभं केलं, तेव्हा तिने काहीतरी निमित्त काढून कल्याणला दुसऱ्या टोकाला नेला. गावाला सगळं माहीत होतं. पण सासू मेली तरी तिचा शब्द मेला नव्हता. ज्यांना माहीत होतं ते म्हातारे होत गेले आणि नव्यांना कुणी सांगितलं नाही. कल्याणच्या कानावर कधी काही आलं असेल तर त्याने दाखवलं नाही.

तो नगरला आयटीआय शिकला. नागापूरच्या एमआयडीसीत प्रेसशॉपला, पत्रा दाबायच्या मशीनवर लागला. जया नावाची पाथर्डीकडची मुलगी त्याला केली. निकिता झाली. आबासाहेब हायवेवर ट्रकखाली गेले आणि मालनबाई एकटी पडली, तेव्हा तो म्हणाला, "आई, तू इथंच ये आता." नागापुरातल्या दोन खोल्यांच्या घरात ती नातीला सांभाळत राहू लागली. तिथल्याही बायका महिन्याभरात तिच्याकडे तान्ही पोरं घेऊन येऊ लागल्या.

कल्याणचं डोकं दुखायचं. कंपनीच्या तपासणीत दोनदा ब्लडप्रेशर जास्त निघालं होतं. गोळ्या लिहून दिल्या, त्याने पंधरा दिवस घेतल्या आणि बरं वाटतंय म्हणून सोडल्या. बत्तिसाव्या वर्षी एका सकाळी त्याला बूट पायात जाईना, इतके पाय सुजले होते. अन्नाचा वास आला की ओकारी येई. नगरच्या डॉक्टरांनी सोनोग्राफी केली.  मग त्यांनी मालनबाईला आणि जयाला आत बोलावलं.

"दोन्ही किडन्यांत पाण्याचे फोड आहेत," ते म्हणाले. "एखाद-दुसरा नाही. द्राक्षाचा घड असतो ना, तशा झाल्यात. चांगली जागाच उरली नाही."

"कशानं झालं?" जयाने विचारलं. "कंपनीतल्या तेलानं?"

"नाही. हा जन्माचा आजार आहे. आई किंवा बाप, दोघांपैकी एकाकडून येतो. ज्याला असतो त्याच्या प्रत्येक मुलाला यायची शक्यता निम्मी. रुपया उडवल्यासारखं." ते मालनबाईकडे वळले. "आजी, तुमच्याकडे कुणाला होतं? वडील, भाऊ, मामा? पोट मोठं होणं, लघवीतून रक्त जाणं?"

"आमच्यात कुनाला न्हाई," मालनबाई म्हणाली. ते खरं होतं.

"मग तुमची सोनोग्राफी करून बघू."

तिच्या पोटावर गार जेल लावलं. डॉक्टर म्हणाले, एकदम स्वच्छ, तरण्या मुलीसारख्या किडन्या आहेत. "म्हणजे वडलांकडून आला. ते आहेत का?"

"वारले."

"त्यांना काही त्रास?"

मालनबाईला त्या क्षणी आबासाहेब दिसले नाहीत. रंगुबाईच्या लग्नातला मांडव दिसला. रंगुबाईचा बाप आप्पासाहेब खुर्चीवर बसला होता. हातपाय काडीसारखे, आणि सदऱ्याच्या गुंड्या तुटतील असं पोट. मुलं त्याला हसत होती. पुढल्या वर्षी तो गेला तेव्हा सगळे म्हणाले, पोटात पाणी झालं.

"असंल," ती म्हणाली. "त्यांच्याकडूनच आलं असंल."

मेलेल्या माणसावर तिने हा आळ ढकलला. आबासाहेब विरोध करायला येणार नव्हते. पण उंबऱ्याबाहेर पाऊल टाकतानाच तिला कळून चुकलं होतं, की हे रंगूच्या रक्तातून आलंय. म्हणजे रंगूत आहे. हनुमंतातही असेल. त्यांना आज सांगितलं तर त्यांची वेळेत तपासणी होईल. आणि सांगितलं, की कल्याण तिचा राहणार नाही. रिक्षात बसेपर्यंत तिने ठरवलं, की बघू. पुढे सहा महिने ती रोज बघू म्हणत राहिली.

आठवड्यातून दोनदा डायलिसिस सुरू झालं. मशीनच्या नळ्या लावायला कल्याणच्या डाव्या मनगटाजवळ शीर जोडून घेतली होती; तिथे हात ठेवला की आत काहीतरी खरखरत असे. निकिता त्यावर कान ठेवून म्हणे, "पप्पांच्या हातात मांजर आहे." कल्याण हसायचा, एक खांदा उचलून. मशीनवरून आला की पिळून काढलेल्या फडक्यासारखा पडून राहायचा. एकदा तो मालनबाईला म्हणाला, "कंपनीत मी मशीन चालवायचो. आता मशीनचं माझ्यावाचून अडतंय बघ, आठवड्यातून दोनदा बोलावतं."

घरातल्या कुणी किडनी दिली तर मशीन सुटेल, असं डॉक्टर म्हणाले. जयाचा रक्तगट जुळला नाही. मालनबाईचा ओ निघाला, तो कुणालाही चालतो असं कळलं, आणि तिच्या अंगात बारा हत्तींचं बळ आलं. पहिल्यांदाच तिला वाटलं की आता ती त्याला खरोखरीची पोटातून काहीतरी देणार. ज्या पोटातून तो आला नाही, त्या पोटातून त्याच्यासाठी एक गोष्ट निघणार. मग रंगूला सांगायची गरजच काय. तो बरा झाला की हळूच हनुमंतला म्हणू, एकदा तपासून घे बाबा.

पुण्याच्या मोठ्या रुग्णालयात अवयवदानाचं काम बघणारी मोनिका नावाची तरुण बाई होती. तिने मालनबाईला एका खोलीत एकटीला बसवलं, समोर कॅमेरा लावला.

"घाबरू नका आजी. कायद्याने विचारावं लागतं. तुम्ही किडनी कुणाच्या दबावाने देताय का?"

"न्हाई. माझी मी देतीय."

"दिल्यावर तुम्हाला काय त्रास होऊ शकतो, सांगितलंय?"

"सांगितलंय. एकीवर बी मानूस जगतंय म्हनं."

"कल्याण तुमचे कोण?"

"माझ्या पोटचा हाय."

"एकुलते एक?"

"एकुलता एक."

मोनिकाने तेच लिहिलेला कागद पुढे केला. मालनबाईने खाली सही केली, तिला तेवढी येत होती.

पंधरा दिवसांनी पुन्हा बोलावलं. या वेळी कल्याणला आणि जयाला बाहेर बसवून फक्त मालनबाईला आत घेतलं. आत मोनिका होती आणि टेबलापलीकडे मोठे डॉक्टर. डॉक्टरांनी एक कागद फिरवून तिच्यापुढे ठेवला. त्यावरचे आकडे तिला वाचता येत नव्हते.

"बाई, आईचं निम्मं मुलात उतरतंच," ते म्हणाले. "निम्मं. प्रत्येक मुलात. इथे तुमचं आणि त्याचं काहीच जुळत नाही. दोन अनोळखी माणसं एसटीत शेजारी बसावीत, तसं आहे हे."

मालनबाईने तो कागद डॉक्टरांकडे परत सरकवला.

"न जुळताही औषधांवर ऑपरेशन होतं," डॉक्टर म्हणाले, "तो प्रश्न नाही. तुम्ही आई नाही हा प्रश्न आहे. आणि तुम्ही आई आहात असं लिहून दिलंय."

"आजी, खरं सांगा," मोनिका म्हणाली. तिचा आवाज मागच्या वेळेसारखा राहिला नव्हता. "त्यांनी तुम्हाला काय द्यायचं कबूल केलंय? लोक बायका आणतात इथे, खोटं आधार कार्ड करून, आई म्हणून. तुम्हाला कुणी आणलं?"

मालनबाईला आधी समजलंच नाही. समजलं तेव्हा तिने पदर तोंडाला लावला. आपण विकायला आलोय असं ही पोर म्हणते आहे.

"ओटीतला हाय त्यो," ती म्हणाली. "माझ्या ओटीत घातलेला. जावंचा."

"म्हणजे दत्तक?"

"तसंच."

"दत्तकपत्र आहे? कोर्टाचा कागद?"

"कागद न्हाई बाई. नारळ हुता. तांदूळ हुते."

डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मोनिकाने लिहिणं थांबवलं. त्या खोलीत नारळ आणि तांदूळ ठेवायला जागा नव्हती, हे तिघांनाही कळलं.

बाहेर आल्यावर तिने बाकावर बसून कल्याणला सांगितलं. दुसरी जागाच नव्हती. समोरून स्ट्रेचर जात होती, जया पाण्याची बाटली हातात घेऊन उभी होती. कल्याण ऐकत राहिला. मग त्याने विचारलं, "नगरच्या डॉक्टरनं विचारलं तेव्हा तुला कळलं होतं, हे कुणाकडून आलंय?"

"व्हय."

"सहा महिने झाले त्याला."

"व्हय."

"मी तुझाच होतो आई," तो म्हणाला. "मला कोण कुठं नेणार होतं." मग जयाच्या हातातली बाटली घेत, "माझं जाऊ दे. हनुदादाला दोन पोरं आहेत."

नगरपर्यंत तो खिडकीकडे तोंड करून बसला. जयाने सासूकडे बघितलं नाही. घरी पोचल्यावर भाजी चिरताना तेवढं म्हणाली, "तुमाला आईपन पायजे हुतं. मला नवरा पायजे हाय."

दुसऱ्या दिवशी मालनबाई मिरजगावला गेली. रंगुबाई अंगणात शेंगा फोडत बसली होती. मालनबाई तिच्यापुढे बसली, दोन शेंगा हातात घेतल्या, आणि सांगून टाकलं. कागद जुळला नाही, डॉक्टरांना कळलं, कल्याणला कळलं. रंगुबाईचे हात थांबले नाहीत.

"आक्का, मला बोलवायचं हुतं," ती म्हणाली. "मी दिली आसती. एक काय, दोनी दिल्या आसत्या."

"तुझ्या कामाच्या न्हाईत, रंगू. तुझ्याकडूनच आलंय त्ये. तुझ्या आप्पाकडून."

"मला ठावं हाय."

मालनबाईने वर पाहिलं.

"दोन वर्सं झाली, मला लघवीतून रगत जातंय. मधीच जातंय, मधीच थांबतंय. ह्या कुशीला हात लाव, गोटा लागतोय." रंगुबाईने शेंगेचं टरफल बाजूला टाकलं. "त्याला किडनीचं झालं आसं कळलं, त्याच दिवशी मला कळलं. आप्पाचं पोट मी इसरंन व्हय? पर बोलायचं कुनाला. बोलले आसते तर लोक म्हनले आसते, हिला हाय ते त्याला कसं. तुझं नाव गेलं आसतं. आत्याबाईनं शबूद घेतला हुता."

"माझ्यासाठी गप ऱ्हायलीस?"

"तुझ्यासाठी कशाला. सवय लागली हुती."

मालनबाईने हात पुढे करून तिच्या कुशीला लावला. तान्ह्या पोरांची पोटं चाचपणारा तिचा हात. कातडीखाली खडबडीत, टणक, भरलेलं काहीतरी होतं. तिने हात मागे घेतला.  एक कोंबडी येऊन शेंगदाणे टिपून गेली, तिला कुणी हाकललं नाही.

तपासणीत रंगुबाईचा घड दिसला तसाच हनुमंतचाही, अजून लहान. डॉक्टरांनी त्याला प्रेशरच्या गोळ्या दिल्या, जपून राहिलास तर बरीच वर्षं मिळतील असं सांगितलं. तो लहानपणापासून मालनबाईला मोठीआई म्हणायचा. त्या दिवशी दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना म्हणाला, "मोठीआई, कल्याण माझा सख्खा भाऊ. आन त्येच्या लग्नात मी आहेर घेऊन चुलतभावांच्या रांगेत उभा." 

जयाने डॉक्टरांना निकिताबद्दल विचारलं. आता काही करू नका, ते म्हणाले. तिला त्रास नाही, आणि आज कळून उपयोगही नाही. मोठी झाली की तिचं ती ठरवेल, जाणून घ्यायचं का नाही. नऊ वर्षांची निकिता तेव्हा दवाखान्याच्या फरशीवर चौकटी मोजत लंगडी घालत होती.

आता एकच वाट उरली होती. नातं नसलेल्या माणसालाही केवळ मायेपोटी अवयव देता येतो, मात्र त्यासाठी समितीची परवानगी लागते. आधीचा कागद खोटा होता, म्हणून नवा, खरा, शपथेवर हवा. मोनिकानेच फोनवर हे समजावून सांगितलं. तिचा आवाज पुन्हा मऊ झाला होता, आणि त्याचा मालनबाईला जास्त त्रास झाला.

नगरच्या कोर्टाबाहेर झाडाखाली टाइप करणारे बसतात. त्यातल्या एकाने, श्रीमंत नावाच्या पोक आलेल्या माणसाने, मजकूर वाचून दाखवला. "मी खाली सही करणार, मालन आबासाहेब, वय छप्पन, सत्यप्रतिज्ञेवर लिहून देते की, कल्याण हा माझा औरस अगर दत्तक पुत्र नाही. त्याचे व माझे रक्ताचे नाते नाही."

"रगताचं न्हाई त्ये लिवा," मालनबाई म्हणाली. "पर पुत्र न्हाई आसं कशाला लिवायचं?"

"आजी, आधी पुत्र आहे म्हणून लिहून दिलंय ना तुम्ही? त्याचाच तर घोळ झालाय. आता दोन्ही कसं खरं असेल?"

"आसतंय."

"असेल. पण कागदावर एकच मावतं." त्याने पेन पुढे केलं. "किडनी द्यायचीय ना? मग मुलगा नाही म्हणा. मुलगा म्हणाल तर देता येणार नाही."

तिने सही केली. ज्या हाताने आधीच्या कागदावर केली होती त्याच हाताने, तितकीच वेडीवाकडी. मग तो कागद कल्याणला दाखवायची वेळ आली, कारण त्याचीही सही हवी होती. त्याने वाचला, दोनदा वाचला, सही केली आणि घडी घालून तिला परत दिला. "नीट ठेव," म्हणाला. "भिजवू नको."

पुढचे चार महिने कागदांचे गेले. आधीच्या खोट्या सहीमुळे पोलिसांकडून खातरजमा मागवली. पोलीस मिरजगावला आले, तलाठ्याला घेऊन दारोदार फिरले. मालन आबासाहेब यांना मूल होतं का. नव्हतं. हा मुलगा कुणाचा. रंगुबाईचा. तेहेतीस वर्षं ज्या तोंडांनी शब्द पाळला होता, त्या सगळ्यांनी जबाबावर अंगठे दिले, आणि प्रत्येकाला वाटत होतं की आपण मालनबाईला मदतच करतोय. तसं ते खरंही होतं. समितीने अर्ज फेटाळला नाही, मंजूरही केला नाही. आणखी एक दाखला मागितला. तो दिला, तर त्यावरचं नाव आणि आधारवरचं नाव एका काना-मात्रेने वेगळं निघालं.

मालनबाई वाट बघत होती, आणि तिचं शरीर तिच्याबरोबर वाट बघत होतं. ती वेळेवर जेवे, वेळेवर झोपे, खोकला आला तर घाबरे. एवढी जपणूक तिने स्वतःची कधी केली नव्हती. पोटात उजवीकडे की डावीकडे, कुठली काढतील, याचा ती विचार करी. कधी अंघोळ करताना कुशीवर हात ठेवी. आतलं जिवंत, निरोगी, कुणाचंच नसलेलं ते मांस तिला जड वाटू लागलं होतं.

श्रावणात कल्याणच्या हातातलं मांजर गप्प झालं. जोडलेली शीर बंद पडली. डॉक्टरांनी मानेत नळी घातली. त्या नळीतून जंतू गेले. थंडी वाजून ताप आला, उतरला, पुन्हा आला. या अवस्थेत ऑपरेशन होत नाही, असं पुण्याहून कळवलं. ताप गेला की बघू. पाचव्या दिवशी सकाळी, मशीनवर नेण्याआधीच, तो गेला. मालनबाई त्याच्या पायाशी बसून होती. पाय अजून सुजलेले होते, आणि त्यावर तिच्या अंगठ्याचा ठसा उमटून तसाच राहिला होता.

त्याला मिरजगावला आणलं. अग्नी हनुमंतने दिला. पोलिसांच्या फेरीपासून गावात कुणाला काही लपवायचं उरलं नव्हतं. आता कुणी कुजबुजतही नव्हतं. बायका भेटायला येत, दारात चपला काढत, आणि सरळ ओसरीवरच्या खांबापाशी जात. तिथे रंगुबाई बसलेली असे. तिच्या गळ्यात पडून त्या रडत. "रंगू गं, कसला हिरा गेला गं तुझा," म्हणत. तेहेतीस वर्षांचं रंगुबाईचं रडणं एकदमच सुटलं होतं, तिला धरायला दोघी-तिघी लागत. मालनबाईने ज्यांची पोरं मांडीवर घेऊन वाढवली होती, त्याही खांबाकडेच जात. जाता जाता तिच्या खांद्यावर हात ठेवत, घरातल्या कुणाही बाईच्या ठेवावा तसा. यात कुणाचा दुष्टावा नव्हता. दुःखाला आल्या होत्या त्या, आणि दुःख कुणाचं आहे हे आता कागदावर ठरलं होतं.

जया आत निकिताला घेऊन पडून होती. आल्या-गेल्याला पाणी द्यायला कुणीतरी हवं होतं. मालनबाई कळशी आणि पेले घेऊन दाराजवळ बसली.

चौथ्या दिवशी पाथर्डीकडून जयाची लांबची मावशी दगडाबाई आली. थकलेली, उन्हातून आलेली. तिला यातलं काही ठाऊक नव्हतं, लग्नाला एकदाच येऊन गेली होती. दारातच तिने पाण्याचा पेला घेतला, घोटभर प्यायली आणि ओसरीवरच्या गर्दीकडे बघत हळूच विचारलं, "आई कोन गं ह्यातली?"

मालनबाईने पेला परत घेतला.

"त्या खांबापाशी हायेत त्या."

"आन तुमी?"

"मी त्यांची थोरली जाऊ," मालनबाई म्हणाली, आणि दगडाबाईला वाट देण्यासाठी तिने कळशी बाजूला सरकवली.